अठ्ठावन्न ते सत्तर: निवृत्तीच्या आसपासचा मेडिक्लेम

बाबांचा कंपनीतला शेवटचा दिवस ३१ मार्च. शाल, नारळ आणि खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढून दिलेली अंगठी घेऊन ते संध्याकाळी घरी आले. मे महिन्यात एका रात्री पोटात कळ उठली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. रुग्णालयाच्या काउंटरवर मी सवयीने कंपनीचं मेडिक्लेमचं कार्ड पुढे केलं. पलीकडच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हे कार्ड मार्चअखेर बंद झालंय, दादा." बाबा अठ्ठावीस वर्षं त्या विम्यात होते. एकदाही क्लेम केला नव्हता. ऑपरेशन झालं ते ग्रॅच्युइटीच्या पैशांतून.

त्यानंतर मी आमच्या घरातले, मग नातेवाइकांचे, मग सोसायटीतल्या काका-काकूंचे पॉलिसीचे कागद वाचत गेलो. सगळीकडे अडचण थोड्याफार फरकाने तीच दिसली. निवृत्तीची तयारी म्हटलं की माणसं पीएफ, पेन्शन, घराचं कर्ज यांचा विचार करतात. मेडिक्लेम "आहे ना कंपनीचा" म्हणून बाजूला राहतो, आणि नेमका तोच निवृत्तीच्या दिवशी हातातून जातो.

कंपनीचा गट विमा हा कंपनीच्या क्वार्टरसारखा असतो. नोकरी आहे तोवर राहा, नोकरी संपली की किल्ली परत. तुम्ही किती वर्षं राहिलात याला घरमालकाच्या दृष्टीने काही किंमत नसते. क्वार्टर सोडायच्या आधी आपण स्वतःचं घर बघतोच ना, तसंच स्वतःची पॉलिसी बघावी लागते. आणि ती शेवटच्या महिन्यात बघून चालत नाही, हीच या सगळ्यातली अवघड गोष्ट आहे.

बऱ्याच खासगी नोकऱ्यांत आणि राज्य शासनाच्या बहुतेक पदांवर निवृत्तीचं वय ५८ आहे. ७० वर्षं पूर्ण झाल्यावर केंद्र सरकारची आयुष्मान योजना उत्पन्नाची अट न घालता सर्वांना लागू होते. तिच्याबद्दल पुढे सांगतो. मधली बारा वर्षं मात्र मुख्यतः तुमची तुम्हालाच सांभाळायची असतात. मोतीबिंदू, गुडघे, प्रोस्टेट, अँजिओप्लास्टी अशी पहिली मोठी बिलं बहुतेकांना याच बारा वर्षांत येतात. म्हणून नियोजन म्हणजे हा बारा वर्षांचा पूल बांधणं, आणि त्याचं काम पन्नाशीतच सुरू करणं.

पन्नाशीत का?

कारण पॉलिसी घेतली की दुसऱ्या दिवसापासून सगळं मिळत नाही. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून कशाचाच क्लेम होत नाही. त्यानंतर काही ठरावीक दुखण्यांसाठी वेगळी प्रतीक्षा असते: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयाचे आणि मूत्रपिंडाचे खडे, गर्भाशय काढणं, सांधे बदलणं. ही प्रतीक्षा बऱ्याच पॉलिसींत २४ महिन्यांची आणि काहींत ३६ महिन्यांची असते. तिसरी प्रतीक्षा आधीपासून असलेल्या आजारांची. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यावर उपचार घेतले, असा आजार म्हणजे बीपी, शुगर, थायरॉइड, जुनं हृदयाचं दुखणं. अशा आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांपर्यंत होती. विमा नियामक इर्डाने १ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या नियमांत ती कमी केली.

आता हे बाबांना लावून बघा. ५८ व्या वर्षी नवीन पॉलिसी घेतली, बीपीची गोळी सुरू आहे. म्हणजे ६१ वर्षं होईपर्यंत बीपीशी जोडलेलं कुठलंही मोठं दुखणं खिशातून. मोतीबिंदू झाला तरी दोन वर्षं थांबा. हप्ता मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. हीच पॉलिसी त्यांनी ५४ व्या वर्षी घेतली असती, तर कंपनीचं छत्र डोक्यावर असतानाच प्रतीक्षा संपून गेली असती. चार वर्षं दोन-दोन विमे कशाला, असं तेव्हा वाटलं असतं हे मला मान्य आहे. पण त्या चार वर्षांचा हप्ता हे प्रतीक्षा संपवण्याचं मोल असतं.

लवकर सुरुवात करण्याचा आणखी एक फायदा फार थोड्यांना माहीत असतो. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती लपवली किंवा चुकीची दिली एवढ्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध करता आली तरच नाकारता येतो. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, ती पाच वर्षांवर आली आहे. पॉलिसीतल्या मर्यादा, को-पे (बिलातला आपण भरायचा ठरलेला वाटा), कायमचे वगळलेले आजार हे सगळं लागू राहतंच. पण "तुम्ही २०११ साली एकदा छातीत दुखल्याचं सांगितलं नव्हतं" असं म्हणत उकरून काढणं पाच वर्षांनंतर थांबतं. ५३ व्या वर्षी सुरुवात केली तर ५८ ला निवृत्त होताना ही ढाल हातात असते.

आणि उशीर झालाच असेल तर

इर्डाच्या नव्या नियमांत आरोग्य विमा विकत घेण्यासाठी आधी रूढ असलेली ६५ वर्षांची मर्यादा उरलेली नाही. कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवायची आहे. याचा अर्थ प्रत्येक अर्ज स्वीकारलाच जाईल असा नाही. तपासण्या होतात, प्रकृतीनुसार जादा हप्ता लावला जातो, कधी नकारही येतो. पण एका कंपनीने नाही म्हटलं म्हणून दुसरीकडे विचारूच नये, असं करू नका. प्रत्येक कंपनीचे निकष वेगळे असतात.

नोकरीत अजून थोडे महिने बाकी असतील तर आणखी एक दार उघडं असतं. गट विम्यातल्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि गट विम्यात काढलेल्या सलग वर्षांचं श्रेय प्रतीक्षेत धरलं जातं. बाबांच्या अठ्ठावीस वर्षांचा उपयोग इथे झाला असता. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. म्हणून निवृत्तीच्या दोन-तीन महिने आधी कंपनीच्या एचआरला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. तोंडी विचारलं की "बघतो" असं उत्तर मिळतं आणि तारीख निघून जाते. किती वर्षं गट विम्यात होता, विमा रक्कम किती होती, याचं पत्रही त्याच वेळी मागून घ्या. निवृत्तीनंतर जुन्या ऑफिसात हे पत्र मिळवणं फार जिकिरीचं होतं. श्रेय फक्त जुन्या विमा रकमेपुरतंच मिळतं हेही ध्यानात असू द्या. कंपनीचा विमा तीन लाखांचा होता आणि तुम्ही दहा लाखांची पॉलिसी घेतलीत, तर वरच्या सात लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होते.

स्वतःची जुनी पॉलिसी आहे पण कंपनीची सेवा पटत नाही, अशांना ती दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येते. अर्ज नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. साठीनंतर पोर्ट करताना नवी कंपनी नकार देऊ शकते, म्हणून तिचा होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही.

मुलाच्या ऑफिसच्या विम्यात आई-वडिलांचं नाव असतं, ते असू द्या, चांगलंच आहे. पण मुलगा नोकरी बदलतो, कंपनी विम्याच्या अटी बदलते, कधी आई-वडिलांना त्यातून वगळलंही जातं. तो पूल दुसऱ्याच्या जमिनीवर उभा आहे.

अर्धी गोळी

अर्ज भरताना सगळं खरं सांगा. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आमच्या ओळखीतल्या एका काकांचा क्लेम याच कारणावरून नाकारला गेला. ते बीपीची "फक्त अर्धी गोळी" घ्यायचे. अर्ज भरून देणारा म्हणाला, एवढ्याशासाठी लिहू नका, उगाच हप्ता वाढेल. सव्वा वर्षाने ते हृदयविकाराने दाखल झाले. रुग्णालयाच्या केस पेपरवर काकूंनी स्वतःच सांगितलेलं लिहिलं होतं: सहा वर्षांपासून बीपी. तो कागदच क्लेम नाकारायला पुरेसा ठरला.

गोळी अर्धी असो की पाव, ती लिहायची. जुनं ऑपरेशन, दम्याचा पंप, कधीकाळी सोडलेली तंबाखू, सगळं लिहायचं. अर्ज दुसऱ्याने भरला तरी सही आपली असते. पॉलिसी घरी आली की त्यात आपण सांगितलेले आजार नोंदवले आहेत का हे तपासायचं. नसतील तर लगेच लेखी कळवायचं. पॉलिसी पटली नाही तर हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

बिल कुठे कापलं जातं

पॉलिसीवर मोठ्या अक्षरात विमा रक्कम लिहिलेली असते. प्रत्यक्षात किती पैसे मिळणार हे मात्र आतल्या बारीक अक्षरांत ठरतं, आणि त्यातही खोलीच्या भाड्याच्या मर्यादेइतकं फसवं कलम दुसरं नाही. ते नीट समजून घ्या.

समजा पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपये खोलीभाड्याची मर्यादा आहे. रुग्णालयात ८,००० ची खोली मिळाली. सहा दिवस राहिलात. बहुतेकांना वाटतं, दिवसाचे ३,००० म्हणजे १८,००० आपण भरू, बाकी कंपनी भरेल. तसं होत नाही. रुग्णालयात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग यांचे दर खोलीच्या दर्जानुसार बदलतात. म्हणून विमा कंपनी म्हणते, तुम्ही पात्र होता ५,००० च्या खोलीला, तर हे संलग्न खर्चही आठात पाच या प्रमाणातच देऊ. खोलीचे ४८,०००, डॉक्टर-थिएटर वगैरेचे १,५०,००० आणि औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांचे ६०,००० असं २,५८,००० चं बिल धरा. खोलीचे मिळतील ३०,०००, संलग्न खर्चाचे ९३,७५०. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, म्हणून ते ६०,००० पूर्ण. एकूण १,८३,७५०. तुमच्या खिशातून ७४,२५०. अठरा हजारांचा फरक समजून घेतलेल्या खोलीने चौऱ्याहत्तर हजार नेले.

अतिदक्षता विभागाच्या खर्चाला ही कपात लागू होत नाही, आणि जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलत नाही तिथेही ती लावता येत नाही. तरीही पॉलिसी निवडताना खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, किंवा निदान "सिंगल प्रायव्हेट रूम" असं म्हणणारी बघावी. असलेल्या पॉलिसीत मर्यादा असेल तर दाखल होतानाच काउंटरवर ती सांगून त्यात बसणारी खोली मागावी.

ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींत को-पे ठरलेला असतो, अनेकदा २० ते ३० टक्के. म्हणजे मंजूर झालेल्या प्रत्येक बिलात तेवढा वाटा तुमचा. हप्ता थोडा कमी दिसतो तो त्यामुळे. दुसरा काही मार्ग नसेल तर अशी पॉलिसी जरूर घ्यावी, विमा नसण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण पन्नाशीत को-पे नसलेली पॉलिसी मिळत असताना ही घेऊ नये.

आपल्याकडे हमखास घडणारी एक गोष्ट. काही पॉलिसींचे दर शहरांच्या झोननुसार असतात. सांगली किंवा लातूरच्या पत्त्यावर घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता मुंबईपेक्षा कमी असतो. मग मोठं दुखणं निघालं की आपण मुलाकडे मुंबईला उपचाराला जातो, आणि तिथे झोन बदलला म्हणून को-पे लागतो. पॉलिसी घेताना विचारायचा प्रश्न अगदी साधा: मी गावी राहून मुंबई-पुण्यात उपचार घेतले तर पूर्ण पैसे मिळतील का? लहान गावातल्या रुग्णालयांबद्दलही विचारून ठेवा. आंतररुग्ण खाटांची किमान संख्या १० लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात १० आणि मोठ्या शहरात १५ असावी, अशी अट विम्याच्या व्याख्येत कायद्याखाली नोंदणी नसलेल्या रुग्णालयांसाठी असते. कोपऱ्यावरच्या पाच खाटांच्या नर्सिंग होममधल्या उपचारांचा क्लेम यावर अडू शकतो.

कॅशलेसबाबत, म्हणजे विमा कंपनी रुग्णालयाचं बिल थेट भरते त्या सोयीबाबत, २०२४ पासून वेळेची मर्यादा आहे. दाखल होतानाच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयाकडून अंतिम बिल गेल्यावर तीन तासांत मंजुरी द्यायची. त्यापुढे उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने भरायचा. काउंटरवर बसलेल्या नातेवाइकाला हे माहीत असेल तर तो ठामपणे विचारू शकतो.

किती रकमेचा घ्यावा

आज पाच लाख पुरेसे वाटतात. उपचारांचा खर्च वर्षाला दहा टक्क्यांनी वाढतो असं हिशेबासाठी धरलं, तर वीस वर्षांनी त्या पाच लाखांत आजच्या सुमारे ७५ हजारांचेच उपचार होतील. म्हणून एकच मोठी महाग पॉलिसी घेण्यापेक्षा पाच ते दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, ही जोडी मला पगारदार कुटुंबासाठी सर्वांत परवडणारी वाटते.

सुपर टॉप-अप म्हणजे ठरलेल्या उंबरठ्यानंतर सुरू होणारा विमा. पाच लाखांचा उंबरठा असेल तर वर्षभरातल्या पहिल्या पाच लाखांच्या खर्चाशी त्याचा संबंध नाही. त्यावरचा खर्च तो देतो. उंबरठ्याखालची बिलं त्याच्याकडे येतच नसल्यामुळे त्याचा हप्ता मूळ पॉलिसीच्या मानाने बराच कमी असतो. नुसता टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत करू नका. एका वर्षात दोनदा दाखल व्हावं लागलं, एक बिल तीन लाखांचं, दुसरं चार लाखांचं. सुपर टॉप-अप दोन्ही मिळवून सात लाख धरतो आणि मूळ पॉलिसीने पाच लाख दिल्यावर उरलेले दोन देतो. साधा टॉप-अप प्रत्येक बिल सुटं बघतो; एकही बिल पाच लाखांच्या वर नाही म्हणून काहीच देत नाही. साठीनंतर एकाच वर्षात दोनदा रुग्णालय पाहावं लागणं नवीन नाही. सुपर टॉप-अपलाही स्वतःची प्रतीक्षा असते, तेव्हा तोही मूळ पॉलिसीबरोबरच घ्यावा.

नवरा-बायकोची एकत्र फ्लोटर पॉलिसी घ्यायची की वेगवेगळी? फ्लोटरचा हप्ता मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. दोघांत सात-आठ वर्षांचं अंतर असेल, किंवा एकाला बरेच आजार असतील, तर वेगळ्या पॉलिसींचा हिशेब करून बघावा. साठीनंतर मला वेगळ्याच बऱ्या वाटतात. एकाच्या आजारपणात सगळी रक्कम संपून दुसरा उघडा पडत नाही.

हप्ता कुठून भरायचा

खरा ताण इथे आहे, आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही याबद्दलच. साठाव्या वर्षी दोघांचा मिळून ५०,००० हप्ता आहे आणि तो वर्षाला दहा टक्क्यांनी वाढला असं धरा. सत्तराव्या वर्षी तो १,३०,००० च्या आसपास जातो. ऐंशीव्या वर्षी ३,३६,०००. पेन्शन नसलेल्या घराने हा आकडा कागदावर लिहून बघायलाच हवा. ज्यांनी पंचवीस वर्षं हप्ते भरले, त्यांनी पंचाहत्तरीला "आता परवडत नाही" म्हणून पॉलिसी सोडल्याचं मी पाहिलं आहे, आणि ते बघवत नाही.

थोडा दिलासा दोन बाजूंनी मिळाला आहे. ६० वर्षांवरील पॉलिसीधारकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी इर्डाशी सल्लामसलत करायची, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. फ्लोटर आणि ज्येष्ठांच्या पॉलिसीही त्यात आल्या. जुन्या करपद्धतीत राहिलेल्या ज्येष्ठांना ५०,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्यावर करवजावट मिळते, पण हप्ता रोखीने भरलेला चालत नाही. विमाच नसलेल्या ज्येष्ठांना याच मर्यादेत प्रत्यक्ष उपचारांच्या खर्चाची वजावट घेता येते.

मला पटलेला मार्ग असा: निवृत्तीच्या रकमेतून हप्त्यासाठी वेगळी ठेव बाजूला काढायची आणि तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के दराने सहा लाख ठेवले तर वर्षाला ४९,२०० व्याज मिळतं, दर तिमाहीला १२,३०० खात्यात. पहिल्या वर्षाचा हप्ता यात जवळजवळ भागला. पण व्याज जागेवर राहतं आणि हप्ता वाढत जातो, म्हणून सहा लाख पुरणार नाहीत. दहा-बारा लाखांचा विचार करून सुरुवातीला उरणारं व्याज परत साठवत जावं. पुढे कधी हप्ता झेपेनासा झालाच, तर पॉलिसी सोडण्याआधी मूळ पॉलिसीची विमा रक्कम कमी करून सुपर टॉप-अप चालू ठेवता येतो का हे कंपनीला विचारावं. क्लेम केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. हप्ता चुकला तर वार्षिक पॉलिसीत ३० दिवसांची सवलत असते आणि तेवढ्यात भरल्यास जुनं श्रेय टिकतं, पण हप्ता न भरलेल्या त्या दिवसांत दाखल व्हावं लागलं तर पैसे मिळण्याची आशा धरू नये.

सरकारी छत्रं

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना विसरू नये. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती होती. आता पांढरी शिधापत्रिका असलेल्यांनाही ती लागू आहे आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं आहे. मध्यमवर्गीय घरांत अजूनही "ती आपल्यासाठी नाही" असा समज आहे. तो खरा नाही. मर्यादा वेगळी आहे: उपचार ठरलेल्या यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेत सामील हवं. प्रत्येक सामील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटायचं. शिधापत्रिकेत नावं बरोबर आहेत का, आधारशी जुळतात का, हे आजारपण येण्याआधी तपासून ठेवा. गोव्यात अशीच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.

सत्तरी पूर्ण झाली की २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा नाही, वय आधारवरून धरलं जातं. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. घरात दोघे सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. म्हणून सत्तरीला खासगी पॉलिसी लगेच बंद करू नका. आपलं नेहमीचं रुग्णालय योजनेत आहे का, ते आधी बघा.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे. दहा वर्षांच्या वर्गणीइतकी रक्कम एकदम भरली की आयुष्यभराचं कार्ड मिळतं. दरमहा ६५० च्या गटातल्या माणसाला ते ७८,००० ला पडतं, आणि खासगी हप्त्यांशी तुलना केली तर ही रक्कम फारच थोडी आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत केंद्रं आहेत. माजी सैनिकांना ईसीएचएस ही त्यांची आरोग्य योजना आहे. या दोन्ही योजनांतल्यांना सत्तरीनंतर आपली योजना किंवा आयुष्मान यांतलं एक निवडावं लागतं.

कारखान्यांतल्या कामगारांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ज्यांना ती हवी असते त्यांनाच ती माहीत नसते. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला, वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. अर्ज शाखा कार्यालयात करायचा.

मुलं परदेशात असलेल्यांसाठी दोन शब्द. सहा महिने अमेरिकेला जाताना इथली साधी पॉलिसी तिथे चालत नाही; प्रवाशांसाठीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. आणि तिकडून कायमचं पुण्यात परत यायचं ठरवणाऱ्यांना अमेरिकेच्या मेडिकेअरचा भारतातल्या उपचारांसाठी उपयोग होत नाही. परतीच्या तीन वर्षं आधी इथली पॉलिसी सुरू केली तर येईपर्यंत प्रतीक्षा संपलेली असते.

जे कशातच बसत नाही

रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची तपासणी फी, कवळी, श्रवणयंत्र, चष्मा यांतलं फारसं काही मेडिक्लेम देत नाही. पण मला जास्त काळजी वाटते ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्या शुश्रूषेची. दिवसपाळी-रात्रपाळीच्या ब्यूरोच्या बाया, भाड्याचा पलंग, डायपर, फिजिओथेरपी. पक्षाघातानंतर हा खर्च महिनोन् महिने चालतो आणि रुग्णालयाच्या बिलालाही मागे टाकतो. विम्यात साधारणपणे डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचे औषधोपचार मिळतात, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार नाही. त्यासाठी हप्त्याच्या ठेवीशिवाय आणखी एक ठेव लागते, आणि ती लगेच मोडता येईल अशी हवी. आमच्या आजीच्या शेवटच्या चौदा महिन्यांत घरातल्या बायकांनी नोकऱ्या सांभाळून रात्री जागवल्या. पैसे असते तर निदान रात्रीला एक मावशी ठेवता आली असती.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा तिथे होतो, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीचा अंतिम नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. नाकारलेल्या क्लेमचं पत्र हातात घेऊन गप्प बसलेली इतकी माणसं मला भेटली आहेत की हा परिच्छेद गाळणं मला जमलं नाही.

बाबांनी शेवटी ५८ व्या वर्षीच पॉलिसी घेतली, बीपी लिहून, वाढीव हप्ता मान्य करून. तीन वर्षं आम्ही धाकधुकीत काढली. आईची पॉलिसी मात्र वेगळी, तिच्या स्वतःच्या नावावर घेतली. पहिल्या वर्षी तिने विचारलं, "माझं कशाला वेगळं?" आतापर्यंत तिचं नाव नेहमी बाबांच्या कार्डावर, खाली दुसऱ्या ओळीत असायचं. आता नूतनीकरणाचा संदेश तिच्या फोनवर येतो, हप्ता तिच्या खात्यातून जातो. पॉलिसी क्रमांक, टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) फोन, जवळच्या दोन कॅशलेस रुग्णालयांची नावं आणि गोळ्यांची यादी तिने स्वतःच्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या काकू तो कागद उतरवून घेऊन गेल्या.